बाराशे फॉलोअर, पोस्ट दिसते सत्तर जणांना. बाकीचे गेले कुठे?

उन्हाळ्यात मसाल्याच्या हंगामात किंवा दिवाळीच्या तोंडावर हा प्रश्न हमखास निघतो. घरगुती मसाले, फराळ, साड्या, कुंड्या असं काहीही विकणाऱ्या माणसाने इन्स्टाग्रामवर पान काढलेलं असतं. वर्षभरात बाराशे फॉलोअर जमलेले असतात. चांगल्या उजेडात काढलेला फोटो टाकावा, दुसऱ्या दिवशी आकडा बघावा, तर पाहणारे सत्तर. मग वाटतं, जाहिरातीचे पैसे उकळायला कंपनी मुद्दाम पोस्ट दाबते. शंका अगदीच निराधार नाही, कारण या कंपन्यांचं पोट जाहिरातीवरच भरतं. पण सत्तरच्या आकड्यामागचं मोठं कारण निराळं आहे.

बोलायच्या सोयीसाठी एकच उदाहरण धरू. सांगली-साताऱ्याकडच्या गावात घरून कांदा-लसूण मसाला करून विकणारा व्यवसाय, महिन्याला चाळीस-पन्नास किलो माल, माणसं दोन आणि फोन एक. साड्या-कुंड्यावाल्यांनी मसाल्याच्या जागी आपला माल घालून वाचावं.

## पोस्ट सगळ्यांना का दिसत नाही

२०१० साली इन्स्टाग्राम सुरू झालं तेव्हा हिशेब सरळ होता. जी पोस्ट शेवटी पडली ती सगळ्यात वर. २०१६ मध्ये कंपनीने हा क्रम मोडला. लोक इतक्या खात्यांना फॉलो करू लागले होते की सरासरी ७० टक्के पोस्ट त्यांच्या नजरेतून निसटतात, असं कंपनीचंच म्हणणं होतं. मग कोणाला काय आवडेल याचा अंदाज बांधून क्रम लावायला सुरुवात झाली. अंदाज बांधणाऱ्या या यंत्रणेला अल्गोरिदम म्हणतात. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनेही जाहीर केलं, की यापुढे व्यवसायांच्या पानांपेक्षा घरच्या माणसांच्या आणि मित्रांच्या पोस्ट आधी दिसतील. छोट्या दुकानांच्या पोस्ट तेव्हापासून आणखीच कमी जणांना दिसू लागल्या.

अल्गोरिदम कसा वागतो ते किराणा दुकानात रोज दिसतं. नव्या कंपनीचा शाम्पू आला की दुकानदार पहिल्याच दिवशी पेटी उतरवून घेत नाही. पुड्यांची एक माळ दारात टांगतो. आठवड्यात माळ संपली तर पुढच्या वेळी दोन माळा मागवतो, नाहीतर ती धूळ खात लोंबत राहते. तुमची पोस्टही आधी अशीच थोड्या लोकांपुढे टांगली जाते. ते थांबले, त्यांनी काही केलं, तर आणखी लोकांना दाखवली जाते. ते नुसते पुढे सरकले तर सत्तरवर काम संपतं.

इथे दोन शब्द एकदाच समजून घेऊ. पोस्ट किती वेगवेगळ्या माणसांना दिसली तो आकडा म्हणजे रीच. त्या माणसांनी पोस्टला जे काही केलं, म्हणजे लाइक, कमेंट, सेव्ह, शेअर, थांबून पाहणं, ते सगळं मिळून एंगेजमेंट. पुढे आपण त्याला प्रतिसाद म्हणू.

## तसदीचा भाव

सगळे प्रतिसाद एका मोलाचे नसतात. पाहणाऱ्याने किती तसदी घेतली यावर मोल ठरतं. लाइक म्हणजे अंगठ्याची एक हालचाल, बसमध्ये उभ्याउभ्या होते. कमेंटला थांबून टाइप करावं लागतं. सेव्ह करणाऱ्याला पुढे कधीतरी ही पोस्ट लागणार असते. आणि जावेला किंवा हॉस्टेलवरच्या मुलाला पोस्ट पाठवणारा माणूस तुमच्या मालासाठी स्वतःचा शब्द खर्ची घालतो. गल्लीत एकीने दुसरीला "त्यांच्याकडचा मसाला घेऊन बघ" म्हणण्याइतकंच ते वजनदार आहे.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला क्रम लावताना सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या: किती वेळ पाहिलं, किती लाइक आले आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. फॉलोअरांपर्यंत पोचायला लाइक थोडे जास्त उपयोगी पडतात. तुम्हाला ओळखतही नाहीत अशांपर्यंत पोचायचं तर पाठवणं जास्त कामाचं. मसाल्याच्या धंद्यात नवं गिऱ्हाईक बहुतेक दुसऱ्या वाटेने येतं.

समजा तुमची एक पोस्ट १,४०० जणांना दिसली आणि तिला ९० लाइक, २ कमेंट मिळाल्या. दुसरी फक्त ६०० जणांना दिसली. ३५ लाइक, १४ कमेंट, २२ सेव्ह, १९ शेअर. एकूण प्रतिसाद भागिले रीच गुणिले शंभर केलं तर पहिलीचा दर साडेसहा टक्के येतो, दुसरीचा पंधरा. बहुतेक जण पहिलीवर खूश होऊन तसलीच पोस्ट पुन्हा टाकतात. टाकायला हवी दुसरीसारखी.

इथे भाऊबंदांचा एक घोटाळा असतो. मामे-मावस मंडळी आणि शाळेचा ग्रुप प्रत्येक पोस्टला न बघताच लाइक देतात. त्यांचं प्रेम खरं, पण त्यांनी मसाला घेतलेला नसतो, घेतला तरी पैसे देताना "घरचंच की" म्हणतात. पोस्ट चालली का हे ठरवताना ते पंधरा-वीस लाइक मनातून वजा करावेत.

## पहिले तीन सेकंद

रील म्हणजे उभा छोटा व्हिडिओ. फॉलोअर नसलेल्यांपर्यंत पोचायला सध्या यासारखं दुसरं साधन नाही. आणि बहुतेक व्यावसायिक रील पहिल्या तीन सेकंदांतच मरतात. सुरुवातीला गोल फिरणारा लोगो, मग "नमस्कार मंडळी, आज आम्ही तुमच्यासाठी घेऊन आलो आहोत..." एवढ्यात बघणारा दोन रील पुढे गेलेला असतो.

बावीस सेकंदांची एक रील कशी बांधता येते ते पाहू.

पहिले तीन सेकंद: तळलेला कांदा मुठीत घेऊन चुरायचा. कुर्रकन आवाज आला पाहिजे. पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत: "हा आवाज आला नाही तर मसाल्याला बुरशी येते." तिसऱ्या सेकंदापासून दहाव्यापर्यंत दोन ताटल्या शेजारी-शेजारी. एकीत नुसता लालसर झालेला, मऊ कांदा. दुसरीत पूर्ण कुरकुरीत. कांद्यात ओल राहिली की मसाल्यात ओल उतरते, एवढं एकच वाक्य बोलायचं. दहा ते अठरा सेकंद डंकावरचं, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावरचं कांडप, ठसक्यासकट. शेवटी बरणीत मसाला भरून वर हिंगाचा खडा ठेवतानाचा हात, आणि अक्षरं: "पाव किलो १८० रुपये. तुमच्याकडे बरणीत काय ठेवतात?"

या रीलमध्ये "आमचा मसाला उत्तम" असं कुठेच म्हटलेलं नाही. ते पाहणाऱ्याच्या लक्षात येतं. बुरशीचं कारण कळल्यामुळे सेव्ह होते, घरी मसाला करणाऱ्या आत्याला पाठवली जाते, आणि शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हिंग की लवंग एवढं लिहिलं तरी पुरतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. फोन उभा, आकार १०८० बाय १९२०. खिडकी पाठीमागे नको, बाजूला हवी. शूटिंगआधी कॅमेऱ्याची काच पुसा. मसाल्याच्या घरात तिच्यावर तेलाचा हात लागलेला असतोच आणि मग सगळं धुक्यात काढल्यासारखं दिसतं. पंखा बंद, नाहीतर कुर्रकन ऐवजी घरघर ऐकू येईल. अक्षरं अगदी खाली आणि उजव्या कडेला ठेवू नका, तिथे बटणं येतात. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं पडद्यावर लिहाच. दुसऱ्या अ‍ॅपचा शिक्का असलेला व्हिडिओ उचलून टाकू नका, अशा रील इन्स्टाग्राम पुढे सरकवत नाही.

## प्रश्न विचारा, पण उत्तर देता येईल असा

"तुम्हाला आमचा मसाला कसा वाटतो?" या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. ज्याने खाल्ला नाही तो काय सांगणार, आणि ज्याने खाल्ला त्याला सगळ्यांसमोर "ठीक होता" म्हणायला संकोच वाटतो. दोन-चार शब्दांत देता येईल आणि ज्यावर घराघरांत मतभेद आहेत अशा उत्तराचा प्रश्न चालतो. मिसळीत आधी फरसाण की आधी रस्सा? वांग्याच्या भरीतात कांदा-लसूण मसाला चालतो की नुसती हिरवी मिरची? नागपूरकर आणि कोल्हापूरकर एकाच कमेंटखाली भेटले की पुढचं काम तेच करतात.

पण "सहमत असाल तर लाइक करा, पाच जणांना टॅग करा" हा मार्ग धरू नका. अशी गळ टाकणाऱ्या पोस्ट खाली ढकलणार, असं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. शिवाय माणसांनाही त्याचा वीट आलेला आहे.

ज्या पोस्टमध्ये प्रमाण असतं ती सेव्ह होते. अर्धा किलो मोडाच्या मटकीला दोन मोठे चमचे मसाला, तेलात घालताना गॅस मंद नाहीतर जळून कडवट होतो, ओला चमचा बरणीत घालू नये. तुम्हाला ही माहिती इतकी सवयीची असते की लिहावीशीच वाटत नाही. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला मात्र नेमकी तीच हवी असते, आणि त्याची आई त्याला ती पाठवते.

स्टोरी, म्हणजे चोवीस तासांत पुसली जाणारी पोस्ट, मुख्यतः जुन्या फॉलोअरांसाठी. तिथे मतदानाचा स्टिकर लावून विचारा: पुढच्या खेपेला तिखट वाढवू की तेवढंच ठेवू? आणि लोकांनी सांगितलं तसं खरोखर करा. मत देऊन काहीच बदललं नाही तर पुढच्या वेळी कोण बोट उचलणार?

## उत्तर देणं हाच अर्धा धंदा

मोठ्या कंपनीला जे जमत नाही ते इथे तुम्हाला जमतं. तिच्या पानावर उत्तर देणाऱ्याने कधी मिरची भाजलेली नसते. तुमच्याकडे कमेंट येते: "तिखट आहे का?" यावर हात जोडल्याचं चित्र किंवा "मेसेज केला आहे" हे उत्तर वाया गेलं. असं लिहून बघा: "एक किलो मिरचीत पाऊण किलो ब्याडगी रंगाला, पाव किलो लवंगी तिखटाला. घरात लहान मुलं असतील तर निम्मा घाला. कशासाठी वापरणार?" एका कमेंटच्या तीन होतात, आणि न विचारलेल्या पन्नास जणांना उत्तर मिळतं.

म्हणून पोस्ट अशाच वेळी टाका, जेव्हा पुढचा अर्धा तास फोन हातात असेल. दुपारी कढई चढवायच्या आधी टाकून संध्याकाळी बघायचं असेल तर सरळ संध्याकाळीच टाका. ठरावीक शुभमुहूर्ताच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तुमचे फॉलोअर कधी जागे असतात हे सेटिंगमधून खातं प्रोफेशनल केलं की इनसाइट्समध्ये, म्हणजे अ‍ॅपमधल्याच आकडेवारीच्या पानावर, फुकट दिसतं.

भाव लपवू नका. "किंमत?" विचारलं आणि "इनबॉक्समध्ये बघा" म्हटलं की निम्मी माणसं तिथेच गळतात. शेजारच्या मसालेवालीला भाव कळेल ही भीती फुकटची. तिला तो केव्हाच माहीत असतो.

"मागच्या वेळी पाकीट फुटून आलं होतं" अशी तक्रार सगळ्यांसमोर आली तर पुसू नका. एकदाच, तिथेच: "चूक आमची. आज नवीन पाकीट पाठवतो, आता दुहेरी पिशवीत भरतो." पुढचं बोलणं फोनवर. पुसलेली तक्रार माणूस स्क्रीनशॉटसकट दुसरीकडे टाकतो. "घरी करता, मग परवाना आहे का?" हा प्रश्न तर येणारच. घरून खाद्यपदार्थ विकायलाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक बायोमध्ये, म्हणजे पानावर नावाखालच्या ओळखीत, आणि पाकिटावर असला की उत्तर एका ओळीत संपतं.

## "एवढा वेळ कोणाकडे आहे?"

रोज पोस्ट टाकायची गरज नाही. आठवड्याला दोन रील आणि मधूनमधून स्टोरी, एवढं दोन माणसांच्या घराला झेपतं. रोजच्या नियमाने सुरू करून तिसऱ्या आठवड्यात बंद पडण्यापेक्षा हे बरं. युक्ती एकच: मसाला करायच्या दिवशीच चित्रीकरण. मिरचीचे देठ काढताना, खोबरं भाजताना, कांदा निथळताना, कांडपावर, वजनकाट्यावर असे पाच ते आठ सेकंदांचे दहा-बारा तुकडे घ्या. एका दिवसात तीन आठवड्यांचा माल होतो. त्यात माणसांचे हात दिसू द्या. नुसत्या पाकिटाच्या फोटोपाशी कोणी थांबत नाही.

## "फॉलोअर विकत घेतले तर?"

दुकानदाराच्या माळेकडे परत जाऊ. विकत घेतलेले पाच हजार फॉलोअर म्हणजे दारासमोर उभे केलेले पाच हजार पुतळे. पोस्ट आधी त्यांच्यातल्या काहींपुढे टांगली जाते, पुतळे हलत नाहीत, आणि यंत्रणा समजते की माल खपत नाही. म्हणजे पैसे देऊन स्वतःचीच रीच पाडून घेतली. वर नियमभंगासाठी खातं अडचणीत येतं ते वेगळं.

बूस्ट, म्हणजे पैसे देऊन पोस्ट पुढे ढकलणं, हे मात्र वाईट नाही. फक्त पडलेल्या पोस्टला उभं करायला ते वापरू नका. जी पोस्ट आपोआप चालली, जिला सेव्ह आणि शेअर मिळाले, तिलाच द्या. उद्देश विचारला की "प्रोफाइल भेटी" ऐवजी "मेसेज" निवडा, आणि प्रदेश तुमचं कुरिअर परवडेल तेवढाच. आधी दोन-तीनशे रुपयांत बघा, किती जणांनी खरंच विचारलं.

गावातल्या खाद्य-ब्लॉगरला फुकट डबा पाठवणार असाल तर त्याला पोस्टमध्ये ते स्पष्ट लिहायला सांगा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुकट मिळालेली वस्तू हेही हितसंबंधच आहेत.

## "मराठीत लिहिलं तर कमी लोक बघतात ना?"

तुमचा मसाला घेणारे मराठीतच भांडतात, मराठीतच कौतुक करतात. पडद्यावर आणि मजकुरात मराठीच ठेवा. फक्त शोधताना बरेच जण "कांदा लसूण मसाला" रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून ते तीन शब्द आणि गावाचं नाव मजकुरात एकदा रोमनमध्येही लिहा. हॅशटॅगची लांब शेपूट नको. त्याने रीच विशेष वाढत नाही, हे मोसेरी यांनीही सांगितलं आहे.

गाण्यांचं एक सांगायला हवं. व्यवसाय खात्याला चित्रपटगीतं बहुतेक मिळत नाहीत, कारण व्यापारी वापराचे हक्क वेगळे असतात. आडमार्गाने लावलेल्या गाण्याचा आवाज नंतर बंद होऊ शकतो. डंकाचा आवाज तुमचा स्वतःचा आहे, तो कोणी बंद करत नाही.

## ऑर्डर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरच येते

इन्स्टाग्रामवर ओळख होते, सौदा व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतो. तिथे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप वापरा. कॅटलॉगमध्ये पाव, अर्धा, एक किलो असे तीन माल भावासकट, नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं, आणि "पैसे आले", "पाठवायचं", "पोचलं" अशी लेबलं. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीच्या, एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो संदेश पोचतो. इथेच बहुतेकांचं अडतं: यादी केली, संदेश गेला, मिळाला कोणालाच नाही. उपाय साधा आहे. पाकिटात चिठ्ठी टाका, "नंबर सेव्ह करा, पुढच्या खेपेची तारीख आधी कळवू." न विचारता ग्रुपमध्ये ओढू नका, माणूस बाहेर पडतो आणि नंबर ब्लॉक करून जातो.

"तुमच्या पानाविरुद्ध कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत लिंक उघडा" असा कंपनीच्या नावाचा मेसेज आला तर उघडू नका. पासवर्ड चोरायचा तो ठरलेला डाव आहे. टू-फॅक्टर पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, आजच चालू करा.

## चाललंय की नाही, कसं कळणार?

ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवा: "कुठे पाहिलंत?" प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारायचं आणि लिहायचं: रील, मैत्रिणीने पाठवली, स्टेटस, की नुसतंच कोणाकडून ऐकलं. महिनाअखेर वही आणि इनसाइट्स शेजारी ठेवा. दोन हजार जणांनी पाहिलेल्या रीलमधून एकही ऑर्डर नाही आणि तीनशे जणांच्या बुरशीवाल्या पोस्टमधून सात, असं दिसलं तर पुढच्या महिन्यात काय टाकायचं ते वहीच सांगते.

माल संपला की "संपला" असंही टाका, रिकाम्या पातेल्याच्या फोटोसकट, आणि पुढच्या कांडपाची तारीख लिहा. त्या पोस्टखाली "माझे दोन किलो धरा" अशी कमेंट आली की ती लगेच वहीत उतरवा. नाहीतर तारखेच्या दिवशी आठवतं की कोणीतरी दोन किलो सांगितले होते, आणि नाव सापडत नाही.